माए होंग सोनला निघण्यापूर्वी

परदेशात भाड्याची मोटारसायकल घेऊन काही दिवस डोंगरांत हिंडायचे ठरले, की मन सर्वांत आधी रस्त्यांकडे धावते. थायलंडमधल्या माए होंग सोनला जायचे ठरले त्याआधी आमच्या मनातला पहिला रस्ता व्हिएतनामच्या उत्तर टोकाला होता. चीनच्या सीमेलगतचे डोंग वान हे चुनखडीचे पठार, हा जांग शहरातून निघून पुन्हा तिथेच आणणारा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा फेरा, आणि त्या फेऱ्यातली मा पी लेंग ही खिंड, जिच्या पायथ्याशी खोल दरीतून न्यो क्वे नदी वाहते. १९५९ ते १९६५ या काळात तरुण स्वयंसेवकांनी हा रस्ता मुख्यतः हातांनी खोदून काढला, आणि खिंडीतला कडा फोडताना त्यांना महिनोन्महिने दोरांना लटकून काम करावे लागले, हे वाचल्यावर तिकडे जाण्याची ओढ अधिकच वाढली. नवऱ्याने मुक्कामांची ठिकाणेसुद्धा टिपून ठेवली होती.

तरीही आम्ही तिकडे जाणार नाही, आणि त्याचे कारण रस्त्यात नसून आमच्या परवान्यात आहे. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते-वाहतुकीबाबतच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराला धरून दिला जातो. व्हिएतनाम २०१४ मध्ये सामील झाला तो याच विषयावरच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात, आणि तो देश त्याच कराराखालचे परवाने मान्य करतो. याचा सरळ अर्थ असा, की ५० सीसीपेक्षा मोठी कोणतीही गाडी तिथे चालवताना भारतीय परवाना असलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालवत असतो. गाडी भाड्याने देणारे हा प्रश्न सहसा काढत नाहीत, आणि पोलिसांनी अडवलेच तर दंड भरून पुढे जाता येते असे सांगणारे जागोजागी भेटतात. पण दंड हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग आहे. परवाना वैध नसेल तर प्रवासाचा विमा अपघातानंतरचा खर्च नाकारू शकतो, आणि आपल्या गाडीची धडक लागून तिथला एखादा शेतकरी किंवा शाळकरी मूल जखमी झाले, तर आपण कोणत्या तोंडाने त्याच्या घरी जाणार, हा प्रश्न कोणत्याही दंडाच्या पावतीने सुटत नाही. हा जांगला पुढे कधी तरी जाऊ तेव्हा तिथल्या एखाद्या अनुभवी चालकाच्या मागे बसून जाऊ, असे आम्ही ठरवले. स्वतः चालवायची असेल तर १९४९ च्या करारातला देश हवा होता. असा देश जवळच निघाला. थायलंडमध्ये आपला परवाना चालतो आणि वाहतूकही आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते.

थायलंडच्या वायव्य कोपऱ्यातला माए होंग सोनचा फेरा मोटारसायकलवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. चियांग माई शहरातून १०७ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेकडे निघायचे, माए मालाईला डावीकडे वळून १०९५ क्रमांकाच्या रस्त्याने डोंगर चढायचा, पाई आणि पांग मफा ही गावे ओलांडून म्यानमारच्या सीमेजवळच्या माए होंग सोन शहरात पोहोचायचे, आणि तिथून १०८ क्रमांकाच्या रस्त्याने खुन युआम, माए सारियांग, हॉट अशी गावे घेत पुन्हा चियांग माईत यायचे. एकूण अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. या वाटेवर १,८६४ वळणे आहेत असे तिथे अभिमानाने सांगितले जाते, आणि त्यांपैकी ७६२ वळणे पाईला पोहोचेपर्यंतच संपतात. सहाशे किलोमीटर हे अंतर पुण्याहून नागपूरला जाताना एका दिवसात मागे पडते. इथे ते अनेक दिवसांत वाटून घ्यावे लागते, आणि तयारीतली पहिली कसोटी ही वाटणी प्रामाणिकपणे करण्याची आहे.

परवान्याचे काम सोपे आहे, मात्र त्यात काळजीपूर्वक पाहण्यासारखी एक जागा आहे. चार-अ क्रमांकाचा नमुना भरायचा, पासपोर्ट आणि व्हिसासंबंधीची कागदपत्रे जोडायची, हजार रुपये शुल्क भरायचे, आणि २०२२ मध्ये देशभर एकसारखी केलेली ती करड्या रंगाची पुस्तिका हातात येते. तिची मुदत जास्तीत जास्त वर्षभराची असते. या पुस्तिकेत वाहनांचे प्रकार अक्षरांनी दाखवलेले असतात आणि मोटारसायकलीचे अक्षर ‘ए’ आहे. मूळ परवान्यात गिअरच्या दुचाकीची नोंद असली तरच ‘ए’ समोर शिक्का पडतो. ज्यांच्याकडे केवळ चारचाकीचा परवाना आहे आणि जे गावात वर्षानुवर्षे दुचाकी चालवत आले आहेत, अशा माणसांनी ही पुस्तिका घेऊन तिथे मोटारसायकल चालवली, तर व्हिएतनाममध्ये आमची जी अवस्था झाली असती तीच त्यांची थायलंडमध्ये होईल. खिडकीवरून पुस्तिका मिळाली की तिथेच उभे राहून ते पान उघडून पाहावे, आणि सोबत मूळ परवानाही न्यावा, कारण एकटी पुस्तिका पुरेशी नसते.

त्यानंतर विम्याचे वाचन. मी या कामाला एक पूर्ण संध्याकाळ दिली आणि तितका वेळ लागतोच असे माझे मत झाले. प्रवासविम्याच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते ती वैद्यकीय खर्चाची रक्कम. दुचाकी चालवण्याबद्दलची अट आत, वगळलेल्या गोष्टींच्या यादीत असते. काही पॉलिसींत दुचाकी स्वतः चालवताना झालेली दुखापत पूर्णपणे वगळलेली असते, काहींत इंजिनाच्या क्षमतेची मर्यादा असते, आणि ज्या पॉलिसी ही दुखापत मान्य करतात त्याही वैध परवाना, डोक्यावर हेल्मेट आणि रक्तात मद्य नसणे या गोष्टी मागतात. म्हणून आम्ही विमा कंपनीला तोंडी न विचारता ई-मेलने विचारले: अमुक क्षमतेची भाड्याची मोटारसायकल स्वतः चालवताना पडलो तर रुग्णालयाचा खर्च मिळेल का, डोंगरातल्या गावातून मोठ्या शहरात हलवण्याचा खर्च मिळेल का, आणि दुसऱ्याला इजा झाली तर त्याची जबाबदारी कोण घेईल? उत्तर लेखी आले तेव्हाच हप्ता भरला. थायलंडमध्ये प्रत्येक गाडीला १९९२ च्या कायद्यानुसार सक्तीचा विमा असतो, पण तो माणसांच्या इजेपुरता आणि ठरावीक मर्यादेपर्यंतचा असतो. भाड्याच्या गाडीचे किंवा दुसऱ्याच्या मोटारीचे नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी गाडी देणाऱ्याकडे वेगळे संरक्षण आहे का, हेही आधीच विचारून घ्यावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात थायलंडमधल्या रस्ते-अपघातांतील मृत्यूंचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ३२.७ इतके अंदाजले होते, आणि मृतांमध्ये दोन-तीन चाकी वाहनांवरच्या माणसांचा वाटा सुमारे ७४ टक्के होता. नंतरच्या अहवालात हे प्रमाण घटले, तरी ते कमी म्हणावे असे नाही. पाईच्या गल्ल्यांतून गुडघ्याला, कोपराला पट्ट्या बांधलेले परदेशी तरुण इतके दिसतात, की अशा खरचटलेल्या जखमांना प्रवाशांच्या बोलीत ‘थाई टॅटू’ असे नावच पडले आहे. मला हे नाव आवडत नाही. त्या नावात जखम ही प्रवासाची खूण होऊन जाते, आणि ती धुऊन पट्टी बांधणारी परिचारिका, रिक्षा नसलेल्या गावात आपली पिकअप काढून जखमीला दवाखान्यात नेणारा दुकानदार, ही माणसे गोष्टीतून गळून जातात. डोंगरातल्या छोट्या रुग्णालयातली खाट ही आधी आजूबाजूच्या करेन, लाहू, शान या समाजांच्या वस्त्यांतल्या माणसांची आहे. निष्काळजीपणे येऊन ती आपण अडवली, तर आपण तिथले पाहुणे उरत नाही. माझ्यासाठी या साऱ्या तयारीचे मूळ इथे आहे: आपण पडणारच नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही, पण पडण्याची शक्यता कमी करणे आणि पडल्यानंतरचा भार यजमानांवर कमीत कमी टाकणे या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि त्या घरून निघण्यापूर्वीच कराव्या लागतात.

कोणत्या महिन्यात जायचे हे ठरवताना माए होंग सोनच्या एका जुन्या बिरुदाने मदत केली. या शहराला ‘तीन धुक्यांचे शहर’ म्हणतात. पावसाळ्यात डोंगरांवर उतरणारे ढग हे एक धुके, थंडीत पहाटे दरीत साचणारे दुसरे, आणि उन्हाळ्यात रानातल्या वणव्यांचा व शेतातले अवशेष जाळल्याचा धूर हे तिसरे. मोटारसायकलवाल्याने या तिन्हींपैकी एक निवडायचे असते. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो, आणि ज्या डोंगरांसाठी जायचे ते त्यात दिसतच नाहीत. जून ते ऑक्टोबरचा पाऊस सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला आपलासा वाटतो खरा, पण दरडी, वळणावर वाहून आलेली लाल माती आणि ओली पाने यांचा अंदाज आपल्या घाटात आपल्याला असतो तसा परक्या घाटात नसतो. उरते ते हिवाळ्यातले धुके. ते पहाटे दाट असते आणि ऊन वर आले की विरते, म्हणजे थोडे थांबण्याची तयारी असेल तर ते वाट सोडते. आम्ही नोव्हेंबरचा शेवट निवडला, कारण तेव्हा रस्ते कोरडे झालेले असतात, रान अजून हिरवे असते आणि वर्षअखेरची गर्दी सुरू झालेली नसते.

महिना ठरल्यावर सरावाला लागलो. इतकी वर्षे घाटांतून गाडी चालवणाऱ्याला सरावाची काय गरज, असे मित्रमंडळींनी विचारले. माझे उत्तर असे, की ओळखीच्या घाटात आपण वळण पाहत नाही, ते आठवत असतो. ताम्हिणीत कोणत्या वळणापुढे दरी उघडते आणि कोणत्या वळणावर खडी सांडलेली असते, हे हातांना पाठ असते. अनोळखी रस्त्यावर ही आठवण कामाला येत नाही. तिथे दर वळण नव्याने वाचावे लागते. म्हणून आम्ही महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट निवडला, तो तुलनेने कमी सवयीचा होता, आणि तिथे मुद्दाम हळू चालवत मूलभूत गोष्टी पुन्हा घोटल्या. वेग वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर उतरवायचा, गिअर आधीच पाडायचा, नजर समोरच्या चाकावर किंवा कठड्यावर न ठेवता वळण जिथे संपते तिकडे न्यायची, आणि वळण पुढे आणखी आवळले तरी सावरता येईल इतका वेग हातचा राखायचा. डावीकडच्या वाहतुकीत डावे वळण आवाक्याबाहेर गेले तर गाडी समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाते. उजव्या वळणावर गाडी आपल्याच बाजूला असली तरी झुकल्यामुळे डोके मधल्या रेषेपलीकडे जाते आणि समोरून ट्रक येत असेल तर तेवढेच अंतर घातक ठरते. या दोन्ही गोष्टी पुस्तकात वाचून कळतात, पण शरीराला कळण्यासाठी तेच वळण वारंवार घ्यावे लागते. नवरा माझ्या मागून येई, घाट संपल्यावर थांबून मी कुठे रेषा सोडली ते सांगे, मग मी त्याच्या मागून जात असे. एकमेकांचे ऐकून घेण्याची ही सवयही सरावाचाच भाग होती.

सवयींपैकी हॉर्नची सवय सर्वांत चिवट निघाली. आपल्या घाटात अंध वळणावर हॉर्न देणे हे सौजन्य आहे, सुरक्षेचा नियम आहे. थायलंडमध्ये लोक हॉर्न फारच क्वचित वाजवतात आणि विनाकारण वाजवलेला हॉर्न उद्धटपणा मानला जातो. त्यामुळे समोरचा हॉर्न देईल या भरवशावर वळण घेता येणार नाही, हे मनात ठसवावे लागले. समोरून काही तरी येतच आहे असे धरून डावीकडे राहणे, हाच तिथला एकमेव आधार.

गाडी कोणती घ्यायची यावर आमच्यात बराच विचारविनिमय झाला. चियांग माईत स्वस्तात मिळणाऱ्या स्वयंचलित स्कूटर शहरासाठी उत्तम आहेत, पण लांब उतारावर त्यांत इंजिनाचा अटकाव फारसा मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि ब्रेक तापून निकामी होऊ लागले की नवख्या माणसाला ते उशिरा समजते. गिअरची गाडी दुसऱ्यात टाकून उतार उतरण्याची आपल्याला सवय असते, ती तिथेही ठेवावी असे आमचे मत पडले. तीनशे सीसीच्या उंच ऑफ-रोड गाड्या दिसायला आकर्षक आहेत, परंतु होंडाच्या सीआरएफ ३०० एलची सीट जमिनीपासून ८८० मिलिमीटर उंच आहे. त्या उंचीवर माझे पाय धड टेकत नाहीत. चढावर वळणात थांबावे लागले, रस्ता एका बाजूला कललेला असला आणि मागे सामान असले, तर टेकणारा एक पाय हाच गाडी उभी राहण्याचा आणि आडवी होण्याचा फरक असतो. बसकी, ओळखीच्या वजनाची आणि दोन्ही तळवे टेकतील अशी गाडी घ्यायची, मग ती छायाचित्रात कशीही दिसो, हे मी माझ्यापुरते ठरवून टाकले. नवऱ्याला उंच गाडी झेपते, तो ती घेईल. दोघांच्या गाड्या एकसारख्या असल्या पाहिजेत असे काही नाही.

गाडी ताब्यात घेतानाची तपासणी हा तयारीचा असा भाग आहे जो तिथे पोहोचल्यावर करायचा असतो, पण त्याचा क्रम आधीच बसवून घेतलेला बरा, कारण त्या क्षणी निघण्याची घाई असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी रबर जुने होऊन कडक झालेले असू शकते. ब्रेकचे पॅड, चेनचा ताण, हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळते का, पुढचा-मागचा दिवा, ब्रेक दाबल्यावर लागणारा दिवा, इंडिकेटर, हे सारे मालकासमोर पाहायचे, गाडीभोवती फिरून चित्रीकरण करून ठेवायचे आणि जुने ओरखडे कागदावर लिहून घ्यायचे. शेवटी वर्दळ नसलेल्या गल्लीत एक फेरी मारायची, आणि काही खटकले तर दुसरी गाडी मागायची. पासपोर्ट मात्र अनामत म्हणून ठेवायचा नाही. अनेक दुकानांत तो मागतात. त्याऐवजी रोख अनामत स्वीकारणारे दुकान शोधावे. सीमेजवळचा प्रदेश असल्याने माए होंग सोनच्या रस्त्यांवर तपासणी-नाकी आहेत आणि तिथे ओळखपत्र विचारतात. शिवाय रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर पासपोर्ट जवळ नसणे फार अडचणीचे ठरते.

दिवसांची आखणी आम्ही अंतराऐवजी उजेडावरून केली. नोव्हेंबरअखेर तिथे सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीत त्याआधीच अंधारते. पहाटेचे धुके विरेपर्यंत निघायचे नाही आणि चारच्या आत मुक्कामी पोहोचायचे, असा नियम केला की हातात उरतात सहा-सात तास, आणि त्यातले जेवण, चहा, पाहायच्या जागा वजा केल्या तर गाडीवर जेमतेम चार तास. एवढ्या वेळात वळणावळणाच्या रस्त्यावर सव्वाशे-दीडशे किलोमीटरपेक्षा अधिक अंतर ठेवू नये. चियांग माई ते पाई सुमारे १३० किलोमीटर आणि पाई ते माए होंग सोन त्याहून थोडे कमी, हे या हिशेबात नेमके बसते. माए होंग सोन ते माए सारियांग सुमारे १६५ किलोमीटर आहे, पण रस्ता खुला आहे. तरीही त्या दिवसाआधी माए होंग सोनला पूर्ण विश्रांतीचा दिवस ठेवला. तळ्याकाठची वात चोंग खाम आणि वात चोंग क्लांग ही शान पद्धतीची जोडमंदिरे निवांत पाहायची आहेत. खुन युआमला दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींचे संग्रहालय आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून माघार घेणारे, आजारी आणि जखमी जपानी सैनिक याच डोंगरांतून परतले आणि गावकऱ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यासाठीही वेळ राखला. मुंबईहून रात्रीच्या विमानाने गेले तर घड्याळ दीड तासच पुढे जाते, पण झोप अर्धवट झालेली असते. म्हणून पोहोचल्याच्या दिवशी गाडीला हातही लावायचा नाही.

सामानाबद्दल थोडक्यात सांगते. हेल्मेट आपलेच न्यावे आणि विमानात हातातल्या सामानात ठेवावे; भाड्याच्या हेल्मेटवर किती आघात झाले आहेत हे कोणी सांगू शकत नाही. जाळीचे जाकीट, गुडघ्याची कवचे, घोटा झाकणारे बूट, हातमोजे आणि पावसाचे आवरण एवढे अंगावरचे. बाकी कपडे कमीत कमी, कारण वजन जितके मागे आणि वर जाते तितकी गाडी वळणात जड होते. पाईची रात्र थंड असते आणि २,५६५ मीटर उंचीच्या दोई इंथानोन शिखरावर त्याहून पुष्कळ थंड, म्हणून एक लोकरीचा थर.

प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आम्ही दोघांनीही घेतले, आणि दुचाकीवरून लांब जाणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यावे असे मला तळमळीने सांगावेसे वाटते. पडलेल्या माणसाचे हेल्मेट घाईने ओढून काढायचे नाही, मान हलू द्यायची नाही, रक्त थांबवण्यासाठी किती जोराने आणि किती वेळ दाबायचे, हे हातांनी करून पाहिल्याशिवाय ऐन वेळी सुचत नाही. एका प्रशिक्षण-फेरीत नवरा जमिनीवर पडून राहिला होता आणि मी त्याची मान धरून बसले होते. ते नाटक होते तरी मनात जे हलले ते नाटक नव्हते. त्या दिवसापासून आम्ही दोन गाड्यांमधले अंतर वाढवले. एक पडला तर दुसरा उभा राहिला पाहिजे.

रुग्णवाहिकेसाठी १६६९, पोलिसांसाठी १९१ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११५५ हे क्रमांक एका कार्डावर लिहून दोघांच्या जाकिटात ठेवले आहेत. कार्डाच्या दुसऱ्या बाजूला रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि विम्याचा क्रमांक थाई लिपीत छापून घेतला आहे, कारण डोंगरातल्या गावात इंग्रजी वाचणारा माणूस लगेच भेटेल असे नाही. पाईचे रुग्णालय, माए होंग सोनचे श्रीसंगवान रुग्णालय, आणि पुढच्या प्रत्येक मुक्कामाचे रुग्णालय नकाशावर खुणेने दाखवून तो नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला, म्हणजे नेटवर्क नसले तरी तो दिसेल. थोडी थाईही शिकते आहे. पेट्रोलला ‘नाम मान’, टाकी पूर्ण भरा म्हणायचे तर ‘तेम थांग’, रुग्णालयाला ‘रोंग फयाबान’, आणि बाईने बोलताना वाक्याच्या शेवटी ‘खा’ जोडायचे. सूर चुकले की अर्थ बदलतो, म्हणून ध्वनिफीत लावून रोज म्हणते.

घरी सांगण्याचा भाग राहिला होता. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आई, तुम्ही दोघंही एकाच रस्त्यावर असणार. तुमच्यापैकी कुणीच फोन उचलला नाही, तर मी कुणाला फोन करायचा?” आम्ही केलेल्या साऱ्या याद्यांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि तिच्याइतक्या नेमकेपणाने तो कोणी विचारलाही नव्हता. आता तिच्याकडे एक पाकीट आहे. त्यात प्रत्येक मुक्कामाचे नाव व फोन, गाडी देणाऱ्या दुकानाचा फोन, विमा कंपनीची चोवीस तास चालणारी मदतरेषा, चियांग माईमधल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा क्रमांक, आणि बँक, पॉलिसी व इच्छापत्राची माहिती आहे. इच्छापत्र करण्याचे आम्ही बरीच वर्षे टाळत होतो. या निमित्ताने ते झाले, आणि करताना वाटले तितके जड गेले नाही. सासूबाईंनी मात्र यातले काहीच पाहायचे नाही असे सांगितले. “रोज मुक्कामी पोहोचलात की तेवढं कळवा. मधलं काही सांगू नका मला,” एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हा रोज संध्याकाळी त्यांच्या फोनवर ‘पोहोचलो’ इतकाच निरोप जाईल, आणि पाचपर्यंत तो आला नाही तर मुलगी पाकीट उघडेल, असे ठरले आहे.

एक गोष्ट मात्र मुद्दाम ठरवलेली नाही. खुन युआमला रस्त्याला दोन फाटे फुटतात. सरळ दक्षिणेला माए सारियांग आणि हॉटवरून परतणारा १०८ क्रमांकाचा रस्ता रुंद आणि निर्धोक आहे. पूर्वेला १२६३ क्रमांकाचा रस्ता माए चेमच्या खोऱ्यात उतरतो आणि तिथून ११९२ क्रमांकाच्या अरुंद, तीव्र चढाने दोई इंथानोनच्या खांद्यावर जातो. मला तो दुसरा रस्ता हवा आहे, नवऱ्याला पहिला. आकाश स्वच्छ असले, आदल्या रात्री दोघांची झोप नीट झालेली असली आणि दोघांनीही मनापासून हो म्हटले तरच पूर्वेला वळायचे. यांतली एक गोष्ट जरी कमी पडली तरी दक्षिणेला जायचे, आणि त्यावर वाद घालायचा नाही. माए सारियांग आणि माए चेम अशा दोन्ही ठिकाणी त्या दिवशी सकाळीही रद्द करता येतील अशा खोल्या घेतल्या आहेत, आणि दोन्ही वाटांवरच्या पेट्रोल पंपांची अंतरे वहीत उतरवून ठेवली आहेत.